चाकं घ्यायच्या आधी मोजून घ्या
गंजलेल्या रोड बाइकचे गिअर काढून सिंगल स्पीड करायची आणि २७ इंचीच्या जागी ७००सी (आजकालच्या रोड बाइकचं नेहमीचं माप) चाकं टाकायची म्हणताय, तर होतं ते, पण ७००सीच्या रिमचा व्यास ६२२ मिमी आणि जुन्या २७ इंचीचा ६३० मिमी, फरक ८, म्हणजे ब्रेक पॅड त्याच्या निम्मे, ४ मिमी खाली सरकायला हवेत, कॅलिपरच्या (ब्रेक पॅड धरणाऱ्या चिमट्याच्या) खाचेत तेवढी जागा आहे का ते आधी बघा. मागचा ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो ती फ्रेमची खाच) आडवा असेल तर लकी आहात, चाक मागे ओढून चेन ताणता येते. उभा असेल तर टेन्शनर (चेन ताणून धरणारा छोटा भाग) लागणार, दिसायला भंगार दिसतो तो 😄 आणि हो, सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) अडकला असेल तर आधी पेनिट्रेटिंग ऑइल (फटीत झिरपणारं तेल) सोडून एकदोन दिवस ठेवा. मी घाईत पाइप रेंच लावला होता, पोस्टची पार वाट लागली.