मदत हवी आहे : ऑनलाइन धड्यातल्या बोलक्या ताईचे ओठ आवाजामागे पडतात

सातवीसाठी विद्युत परिपथाचा साडेतीन मिनिटांचा धडा आहे, ब्राउझरमध्ये चालतो. कोपऱ्यात चित्रातली ताई समजावते. कोणत्या क्षणी ओठांचा कोणता आकार, ही वेळांची यादी रुबार्ब लिप सिंकने (आवाज ऐकून ओठांचे आकार ठरवणारं सॉफ्टवेअर) काढली आहे. एक आकार दाखवून झाला की पुढच्यासाठी सेटटाइमआउट, म्हणजे ब्राउझरचा टायमर, लावतो. पहिलं वाक्य जुळतं, शेवटी ओठ अर्धा सेकंद मागे. मध्येच थांबवून परत चालू केलं की सगळंच बिनसतं. ‘प’, ‘भ’ला तोंड उघडंच राहतं. शिवाय मुलं परिपथ सोडून ताईकडेच बघतात. तिला काढून टाकावं का?

प्रतिसाद १
सेटटाइमआउटची साखळीच नडते आहे. प्रत्येक टायमर किंचित उशिरा वाजतो आणि तो उशीर साचत जातो. टायमर काढा. रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेममध्ये (पडद्यावर नवं चित्र रंगवण्याआधी ब्राउझर जे फंक्शन चालवतो ते) दर वेळी ऑडिओचा करंटटाइम, म्हणजे आवाज आत्ता कितव्या सेकंदाला आहे ते, वाचा आणि त्या क्षणाला यादीत जो आकार असेल तो दाखवा. मग थांबवा, मागे न्या, ओठ आवाजाला धरूनच राहतील.

‘प’, ‘भ’चं कारण वेगळं. रुबार्ब मुळात इंग्रजी शब्द शोधत बसतं. मराठीसाठी त्याचा रेकग्नायझर (आवाज ओळखणारा भाग) ‘फोनेटिक’, म्हणजे शब्दांऐवजी ध्वनी ओळखणारा, करून वेळा नव्याने काढा. प, ब, भ, म या सगळ्यांना रुबार्बचा ‘A’ नावाचा आकार, म्हणजे ओठ मिटलेले. तरी एखादा ‘भ’ निसटलाच तर यादीत हाताने दुरुस्त करा. मिटायचे ओठ उघडे राहिले की डोळ्याला लगेच खटकतं.

प्रतिसाद २
ताईला काढू नका, कामाला लावा. शिकवणाऱ्याचा नुसता चेहरा पडद्यावर असला म्हणून शिकणं सुधारतंच असं नाही, हे चित्र-आवाजातून शिकण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी मांडलेलं आहे. फरक पडतो तो हातवाऱ्यांनी आणि नजरेने. तिला कोपऱ्यातून उचलून आकृतीशेजारी उभी करा. ‘बल्ब’ म्हणताना बोट बल्बवर, नजरही तिकडेच. बोट शब्दाच्या आधी पोचू द्या, नाहीतर मूल शोधत राहतं. मूल स्वतः तारा जोडत असताना मात्र ती गप्प आणि स्थिर हवी. पापण्यांची उघडझापसुद्धा नको.

ती बोलते तेच वाक्य खाली छापलं असेल तर काढा, आकृतीवर फक्त नावं ठेवा. पण ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी मजकुराचं बटण हवंच.

धागाकर्ता
करंटटाइमने ओठ जुळले! आता क्रोममध्ये पान उघडल्यावर ताई मुकीच असते.

प्रतिसाद १
पानावर क्लिक किंवा स्पर्श होईपर्यंत क्रोम सहसा आवाज अडवतो. ‘धडा सुरू करा’ असं मोठं बटण द्या आणि आवाज सुरू करणारी ‘प्ले’ ही आज्ञा त्याच्या क्लिकमध्येच द्या.