पोरांच्या हातात प्रथमोपचार: कोलीत की काय?

खारेदाणे
परवा एका धाग्यावर वाचलं, 'नववीच्या पोरांना सीपीआर शिकवणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, माणूस मारतील.' (सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलेल्याच्या छातीवर हातांनी दाब देत राहणं.) तिथेच लिहिणार होते, लांबलं म्हणून इथे. अहो, ज्याचा श्वास थांबलाय त्याला आणखी काय मारणार? मेंदूला रक्त मिळालं नाही तर चार-पाच मिनिटांत नुकसान सुरू होतं. आमच्या जिन्यात शेजारचे काका कोसळले तेव्हा भोवती नऊ जण. एक पाणी पाजतोय, एक तळपाय चोळतोय, दोघं व्हिडिओ काढतायत. 108 येईपर्यंत छातीवर हात कुणीच ठेवला नाही. काका गेले.

निवृत्त_मास्तर
ते माकड मीच लिहिलं. पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 दाब, हे सरावाच्या बाहुलीवर एकदा करून येतं? 31 वर्षं शिकवलंय. 'प्रथमोपचार पेटीतील पाच वस्तू लिहा' एवढाच प्रश्न यायचा. पेटीला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे, आयोडीन वाळून गेलेलं. निवडणूक, जनगणना, खिचडी झाली, आता हेही मास्तरांच्याच गळ्यात!

वरणफळ
व्हिडिओवाल्यांना नावं ठेवू नका. हात लावला की पोलिसांचे खेटे.

खारेदाणे
अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच संरक्षण आहे. आणि जिन्यात कुठले आले पोलीस?

बांधावरून
तुमचं शहरातलं चालू द्या. आमच्याकडे भातकापणीत साप चावतो, त्याचं कोण शिकवणार?

निवृत्त_मास्तर
स्काउटच्या तासाला शिकवायचो की. चावल्या जागेच्या वर करकचून बांधायचं.

बांधावरून
घ्या! मास्तर, माझ्या चुलतभावाला घोणस चावली आणि शाळेत शिकलेल्या पोरानेच पायाला सुतळी आवळली. ग्रामीण रुग्णालयात पोचेस्तोवर पाऊल वांग्यासारखं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं ठेवलं, नळी तिरकी केली तर पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं. इंजेक्शनं मिळाली, वाचला. दोन बोटं मात्र गेली.

वरणफळ
विषाने गेली असतील, सुतळीने कशावरून? क्रेप बँडेज गुंडाळायचं असतं, मी व्हिडिओ पाहिलाय.

बांधावरून
ते ऑस्ट्रेलियातल्या सापांसाठी निघालं. घोणशीच्या विषाने मुळात मांस सडतं, त्यात आवळलं की ते तिथेच कोंडतं. मोडलेल्या पायासारखी फळी लावायची, हलू द्यायचं नाही, आणि गाडी काढायची. चिरायचं नाही, चोखायचं नाही, भगताकडे तर नाहीच. मण्यार चावली तर सूजही नसते, झोपेतला माणूस पोट दुखतंय म्हणत उठतो. तिथे काय बँडेज गुंडाळताय?

वरणफळ
बरं, तुम्ही डॉक्टर का?

बांधावरून
नाही. भावाला खांद्यावर घेऊन गेलेला माणूस.

खारेदाणे
धागा बिळात गेला! पण मास्तर, चुकीचं शिकवलेलं पोरांनी इतकी वर्षं लक्षात ठेवलं ना? मग बरोबर का नाही ठेवणार?

निवृत्त_मास्तर
टोमणा पोचला. सुतळी पुस्तकात होती तशी शिकवली, किती जणांना ते आता मोजत बसू का? शिकवा सीपीआर. आधी मास्तरांची परीक्षा घ्या.

खारेदाणे
रविवारी सोसायटीत बाहुली आणतोय. या. गुडघ्यांवर बसावं लागतं, बघा.

निवृत्त_मास्तर
कमरेला पट्टा लावून येईन. चुका काढायला.