मेक्सिकोत पंधरा दिवस: तिथलंच म्हणावं असं काय काय खावं?

मालवणी_माऊ
नमस्कार मंडळी,
सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही दोघं मेक्सिकोला निघालोय. मुलगा मेक्सिको सिटीत शिकतोय. पाच-सहा दिवस त्याच्याकडे आणि मग दक्षिणेकडचं वाहाका (Oaxaca) शहर. टाको, बरितो इथेही मिळतात. मला तिथली माणसं घरात आणि बाजारात जे खातात ते खायचंय, किडे असले तरी चालतील. सुकट, खुबे, कालवं खाऊन वाढलेली आहे मी. नवरा मात्र शाकाहारी, अंडं चालतं. दोघांसाठी सुचवा. बाजार कुठला, काय म्हणून मागायचं, तेही लिहा.

काळी_जमीन
ताई, चार वर्षं राहिलोय तिथे. एकच नाव घ्यायचं तर वित्लाकोचे. अगदी वेळेवर जाताय, पावसाळ्यातच ते ताजं मिळतं, आणि तुमच्या यजमानांनाही चालेल.

वित्लाकोचे म्हणजे मक्यावरची काणी, कणसात वाढणारी काळी बुरशी. आमच्या घरी ज्वारी. एखाद्या कणसावर काणी दिसली की आजोबा त्यावर अलगद पिशवी चढवायचे, मग कणीस कापायचे आणि बांधापलीकडे नेऊन जाळायचे. भुकटी उडू नये म्हणून श्वास रोखून चालायचे. मेक्सिको सिटीतल्या बाजारात एक आजी कणसाची पानं सोलून गिऱ्हाइकाला तीच काणी दाखवत होती. दाणे फुगून बोराएवढे झालेले, वरून राखाडी-रुपेरी आणि दाबलं की आत काळंभोर. चांगल्या मक्यापेक्षा भाव जास्त! मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. आजोबांना हे दाखवायला हवं होतं, असं फार वाटलं.

कांदा, लसूण, हिरवी मिरची आणि एपासोते नावाचा उग्र वासाचा पाला घालून परततात. शिजल्यावर शाईसारखं काळं होतं. चव अळंब्यांच्या जवळची, मागून मक्याचा गोडवा. मक्याच्या रोटीत घालून घडी करून तव्यावर भाजतात, त्याला केसादिया म्हणतात. 'केसादिया दे वित्लाकोचे' म्हणून मागा. सोबत भोपळ्याच्या फुलांचीही घ्या, 'फ्लोर दे कालाबासा'.
एक मात्र सांगतो. हे वाचून कोणी ज्वारीची काणी चाखून बघू नका, ती बुरशी वेगळी.

उंबरठा
वाहाकाला जाताय म्हणजे चापुलिनेस आलेच. शेतातले नाकतोडे. धुऊन तव्यावर लसूण, लिंबू, मीठ घालून कुरकुरीत भाजतात. शहराच्या मध्यभागी बेनितो हुआरेस बाजार आहे, तिथे बायका मोठ्या टोपल्यांत त्यांचे तांबूस ढीग रचून बसतात. चव बघायला हातावर चिमूटभर देतात. आधी आंबट-खारट लागतात, मग भाजलेल्या सुक्या जवळ्याची आठवण येते. तुम्ही मालवणच्या, तुम्हाला दुसरी चिमूट मागावीशी वाटेल. पहिल्यांदा बारीक घ्या. मोठ्यांचे पाय घशाला टोचतात, ते काढून खायचे.

कोळंबीची ॲलर्जी असेल तर मात्र अजिबात नको. किड्यांमध्ये तसलीच प्रथिनं असतात.

वाहाकात म्हणतात, चापुलिनेस खाल्ले की माणूस परत येतो. मी दोनदा गेले.

मालवणी_माऊ
काळी_जमीन, तुमच्या आजोबांचा प्रसंग नवऱ्याला वाचून दाखवला. त्याचंही लहानपण शेतात गेलंय, लगेच म्हणाला, हे मी खाणार. मुलगा एस्कामोलेस, म्हणजे ज्यांना मुंग्यांची अंडी म्हणतात (खरं तर अळ्या आणि कोष), म्हणत होता. मिळतील का?

काळी_जमीन
त्यांचा हंगाम मार्च-एप्रिलचा. सप्टेंबरात मिळाली तरी साठवणीतली असतील आणि ती स्वस्त नसतात. या खेपेला सोडा. त्यापेक्षा पुएब्लाला एक दिवस काढा, मेक्सिको सिटीहून बसने दोनेक तास. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे 'चिले एन नोगादा' करतात. मोठी हिरवी मिरची, आत फळं घातलेला खिमा, वर ताज्या अक्रोडाची पांढरी चटणी आणि डाळिंबाचे दाणे. अक्रोड आणि डाळिंब एकाच वेळी बाजारात येतात तेव्हाचाच हा पदार्थ. हा तुमच्या एकटीसाठी.

आणि पुल्के प्या. आपल्या बांधावरच्या घायपाताचे मोठे भाऊबंद तिकडे वाढतात, त्यांच्या पोटात खळगा करून रस काढतात आणि आंबवतात. माडीसारखीच चढत्या आंबटपणाची, फक्त थोडी बुळबुळीत. नासते लवकर, म्हणून 'पुल्केरिया'त बसूनच प्यायची.

शेंगदाणा_चटणी
शाकाहाराबद्दल थोडं खरमरीत लिहिते, कारण आम्ही फसलो होतो. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. उसळीसारख्या दिसणाऱ्या काळ्या घेवड्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते. त्लायुदा ही वाहाकाची ताटाएवढी कडक रोटी, तिच्यावर पहिला हात चरबीचाच फिरतो, त्याला 'आसिएंतो' म्हणतात. मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचं दाट कालवण, कोंबडीच्या रश्शात शिजवलेलं असतं. तेव्हा ही वाक्यं पाठच करा: 'सिन कार्ने' (मांस नको), 'सिन मांतेका' (चरबी नको), 'सिन आसिएंतो', 'सिन काल्दो दे पोयो' (कोंबडीचा रस्सा नको). त्लायुदा समोर भाजून देतात, तिथे हे सांगितलं की बिनचरबीची करून मिळते. वर केसियो, म्हणजे दोऱ्यासारखं उलगडणारं चीज. ते यजमानांना नक्की आवडेल.

उंबरठा
तेहाते राहिलं! दोघांनाही चालेल. भाजलेला कोको, रोटीच्या मक्यासारखा चुन्याच्या पाण्यात नव्हे तर राखेच्या पाण्यात शिजवलेला मका, मामेय फळाची बी आणि एक सुवासिक फूल, सगळं वाटून त्याचा गोळा करतात. मामेय आपल्या चिकूच्याच कुळातलं. बाई कोपरापर्यंत हात घालून मोठ्या मातीच्या पातेल्यात तो गोळा मळते आणि उंचावरून पाण्याची धार सोडते. हळूहळू वर जाड पांढरा फेस जमतो, दह्यावरच्या सायीसारखा. लाल रंगवलेल्या भोपळ्याच्या वाटीतून देतात. साखर वेगळी घालतात. पाणी शुद्ध केलेलं आहे ना, एवढं विचारा: 'आग्वा पुरिफिकादा?'

रविवार मिळाला तर वाहाकाजवळच्या त्लाकोलुलाचा आठवडी बाजार गाठा, आजूबाजूच्या गावांतून बायका माल घेऊन येतात.

काळी_जमीन
उंबरठा यांनी चुना-राखेचं काढलंच आहे, तर सकाळी लवकर एखाद्या 'मोलिनो'त, म्हणजे गिरणीत, डोकावा. रोटीसाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात. सकाळी साल हाताने चोळली की सुटते. मग बायका बादल्या घेऊन दळायला रांगेत. त्या चुन्यामुळे मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपात मका गेला पण ही कृती गेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नियासिनच्या कमतरतेचा रोग, झाला. गिरणीतून आणलेल्या ओल्या पिठाची गरम रोटी नुसतं मीठ लावून खा. तिचा वास मला अजून येतो.

मालवणी_माऊ
सगळं वहीत उतरवलं. शेंगदाणा_चटणी, ती चार वाक्यं नवऱ्याने कागदावर लिहून पाकिटात ठेवली. रविवारी त्लाकोलुला नक्की. एक शेवटचं: एपासोतेचं बी आणता येईल का? कुंडीत लावलं असतं.

काळी_जमीन
बी-रोपं आणायला परवाना लागतो, विमानतळावर काढून घेतील. तिथेच पोटभर खा. आणि वित्लाकोचेचा एक फोटो इथे टाका, न सोललेल्या कणसाचा.