ऋतूंवर लिहिताना स्वतःचे वय मध्ये येते, त्याचे काय करावे?

प्रश्न

गेले वर्षभर मी दर पंधरवड्याला एक चिंतनपर टिपण लिहीत आले. खिडकीसमोरचे एक पानझडी झाड, बदलत जाणारा प्रकाश आणि त्या ओघात स्वतःच्या आयुष्याविषयी जे सुचेल ते, असे त्यांचे स्वरूप होते. माझे वय आता चौपन्न आहे. वर्ष पुरे झाल्यावर चोवीसही टिपणे एका बैठकीत वाचून काढली आणि मन खट्टू झाले. वसंत म्हटले की बालपण, ग्रीष्म म्हटला की उमेदीची वर्षे, पानगळ म्हणजे उतारवय आणि शिशिर म्हणजे शेवट, हीच ठरलेली वाट मी चोवीस वेळा चालले होते. झाडाकडे पाहून सुरू केलेले वाक्य दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच माझ्या वयावर येऊन थांबते आणि झाड बिचारे मागे राहून जाते.

याहून टोचणारी गोष्ट निराळी आहे. आई गेली ती ऐन वसंतात. त्या दिवशी संध्याकाळी खिडकीशी बसले असताना फांदीच्या टोकाला तांबूस, ओलसर, अजून घडी न मोडलेली पाने दिसत होती, हे मला स्पष्ट आठवते. त्या पंधरवड्याचे टिपण मी वेळेवर लिहू शकले नाही, कारण ऋतू आणि घटना यांचा मेळच बसेना. पुढे महिन्याभराने लिहिले, तेव्हा त्या पालवीला मी ‘नव्या आरंभाची चाहूल’ म्हटले. त्या संध्याकाळी मला तसे काहीही वाटले नव्हते. वर्षाचे ऋतू आणि आयुष्याचे टप्पे यांविषयी एकत्र लिहायचे असेल, तर ही ओढूनताणून केलेली जुळणी कशी टाळावी?

प्रतिसाद १

आपण टिपणांवर तारखा घालता का? नसल्यास तेथूनच सुरुवात करावी असे मी आग्रहाने सुचवीन. इंग्लंडमधील रॉबर्ट मार्शम यांनी 1736 मध्ये वसंताच्या खुणांची नोंद ठेवायला सुरुवात केली. पहिले फूल कधी उमलले, कोणत्या झाडाला पाने कधी फुटली, बेडूक कधी ओरडू लागले, एवढेच ते लिहीत. त्यांच्या घराण्यातील पुढच्या पिढ्यांनी हा क्रम 1958 पर्यंत चालू ठेवला. जपानमधील क्योतो येथील चेरीच्या बहराच्या तारखा तर दरबारी मंडळींच्या आणि भिक्षूंच्या रोजनिशींतून थेट नवव्या शतकापर्यंत मागे नेता येतात. 2021 मध्ये तेथे 26 मार्चला पूर्ण बहर आला आणि तोवरच्या सुमारे बाराशे वर्षांच्या नोंदींत तो सर्वांत लवकरचा ठरला. बहर पाहायला गेल्याची साधी नोंद करणाऱ्या त्या माणसांच्या मनात हवामानाचा इतिहास लिहिण्याचा विचार असणे शक्यच नव्हते, तरी त्यांची ओळ आज कामी येते, कारण त्यांनी पाहिले ते आणि तेवढेच लिहिले. चिंतन जरूर करावे, मात्र आधी त्या दिवशी काय दिसले ते तारखेसह लिहावे आणि मग एक ओळ मोकळी सोडून पुढे जावे. माझ्या अनुभवात त्या मोकळ्या ओळीने फार मोठे काम केले आहे.

प्रतिसाद २

मला वाटते, आपली अडचण उपमेपेक्षा ती कशावर बेतली आहे यात आहे. पानगळीला आपण ऱ्हास समजतो, पण झाडात त्या वेळी काय चाललेले असते ते जरा जवळून पाहावे. दिवस लहान होऊ लागले की झाड पानातील हरितद्रव्य मोडते, त्यातील नायट्रोजनसारखी द्रव्ये खोडात आणि मुळांत परत घेते, देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो, पान तेथून सुटते आणि उघडी पडलेली जागा बुचासारख्या पेशींनी बंद होते. शिवाय समशीतोष्ण प्रदेशांतील बहुतेक पानझडी झाडांत पुढच्या वसंताच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेल्या असतात. हिरवे पान अजून जागेवर असताना, देठ फांदीला मिळतो त्या बेचक्यात, खवल्यांनी झाकलेली एवढीशी कळी दिसते. हे पाहिलेल्या माणसाला ‘पानगळ म्हणजे शेवट’ असे लिहिताना हात थांबवावा लागतो. आणि उतारवयाविषयी लिहायचेच असेल, तर काय परत घ्यायचे, काय सोडायचे आणि कोणती जखम आधी बंद करायची, असे कितीतरी खरे प्रश्न त्या देठापाशी उभे असतात.

आपल्या आईविषयीच्या टिपणाबद्दल थोडे सांगू इच्छितो. आपण उशिरा लिहिले याची खंत बाळगू नये. उत्तर गोलार्धात सर्वांत लहान दिवस 22 डिसेंबरच्या आसपास असतो, पण मध्यम अक्षांशांवर कडाक्याची थंडी बहुधा त्यानंतर काही आठवड्यांनी पडते, कारण जमीन आणि विशेषतः समुद्र साठवलेली ऊब हळूहळू सोडतात. माझे वडील गेले तेव्हा मी सगळे व्यवहार शांतपणे उरकले आणि चार महिन्यांनी, त्यांच्या चष्म्याची काडी घट्ट करायचा बारीक स्क्रूड्रायव्हर खणात सापडला, तेव्हा कोसळलो. घटनेची तारीख आणि दुःखाची तारीख वेगळ्या असतात. टिपणात दोन्ही लिहाव्यात. आपली चूक झालीच असेल, तर ती उशिरा लिहिण्यात नाही. महिन्याभराने सुचलेले शब्द त्या संध्याकाळच्या तोंडी घातले गेले, एवढीच ती आहे.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही मतांचा आदर राखून थोडा वेगळा सूर लावतो. उपमेला इतके घाबरण्याचे कारण नाही, कारण माणसाने आयुष्य मोजायला आधीपासून ऋतूच वापरले आहेत. ‘इतके पावसाळे पाहिले’ असे आपण सहज बोलून जातो. चक्र कोठे सुरू करायचे ते मात्र लिहिणाऱ्याच्या हाती असते. कालिदासाच्या नावावर असलेल्या ‘ऋतुसंहारा’त सहा सर्ग आहेत आणि ते ग्रीष्मापासून सुरू होऊन वसंतापाशी संपतात. आपण वसंत आधी आणि शिशिर शेवटी असा क्रम गृहीत धरला, म्हणून सगळी टिपणे उताराला लागली.

मी स्वतः एकोणीस वर्षे एकच वही वापरतो. तीत प्रत्येक तारखेला एक पान आहे आणि दर वर्षी त्या पानावर आधीच्या वर्षाखाली दोन ओळी लिहायच्या, एवढाच नियम आहे. ऋतू परत येतो, आपण परत येत नाही, हे त्या पानावर काहीही न सांगता दिसते. वरच्या ओळींत मुलाचा ताप आहे, मधल्या ओळींत त्याचे घर सोडून जाणे आहे, आणि प्रत्येक ओळीच्या आरंभी त्या दिवसाची हवा आहे. हवेचे शब्द जवळजवळ तेच आहेत, पण अक्षर बदलत गेले आहे आणि अलीकडे ते थोडे कापते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

तिघांचीही मनापासून आभारी आहे. आज सकाळी बेचक्यातली कळी शोधली. तपकिरी, टोकदार, तांदळाच्या दाण्याहून लहान अशी ती आहे आणि एका फांदीवर मी अशा अकरा मोजल्या. वर्षभर रोज पाहूनही माझ्या एकाही टिपणात ती आलेली नाही.

आईविषयीचे टिपण पुन्हा काढले. त्यातील नंतर सुचलेले सगळे पेन्सिलीने खोडल्यावर तांबूस, ओलसर, घडी न मोडलेली, एवढे शब्द उरले. त्यांवर आई गेली त्या दिवसाची तारीख घातली आहे आणि खाली एक ओळ मोकळी सोडून आजची.