रोजचं डांबर आणि दीडशे पावलं चिखल: टायर कुणाच्या हिशेबानं घ्यायचा?

परळीखोरं

थारचे कंपनीचे टायर गोटा झाले. साइज २४५/७५ आर १६. पंधरा दिवस ज्याला विचारावं तो एकच सांगतोय, "मड टेरेन, म्हणजे चिखलाचे टायर घाल, थारला तेच शोभतात." शोभतात, मान्य. पण माझं चालवणं बघा. आठवड्यातले सहा दिवस सातारा ते शिरवळ एमआयडीसी, जाऊन-येऊन शंभराच्या वर किलोमीटर, सगळा हायवे. रविवारी परळी खोऱ्यात शेतावर. डांबर सुटल्यावर सव्वादोन किलोमीटर कच्चं, त्यात खरा अडकवणारा तुकडा ओढ्यापासून खाचरापर्यंत, दीडशे पावलांचा. मोजलाय मी, गाडी रुतल्यावर चालतच जावं लागतं.

माझं मत: माझ्यासारख्यानं मड टेरेन घेणं चूक आहे. आवाज होतो, डिझेल जास्त पितो, हे सगळेच सांगतात. त्याचं मला फारसं काही नाही. मला भीती ओल्या डांबराची आहे. मड टेरेनच्या नक्षीत मोठे ठोकळे आणि मध्ये रुंद मोकळ्या जागा. म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर मुळातच कमी. त्यात ठोकळ्यांवर बारीक चिरा नसतात किंवा नावापुरत्या असतात. ओल्या गुळगुळीत डांबरावर त्या चिराच पकड देतात. ऑल टेरेनला, म्हणजे डांबर आणि कच्चं दोन्हींसाठीच्या टायरला, त्या भरपूर.

गेल्या जुलैत मित्राच्या गाडीत यवतेश्वरच्या घाटातून उतरत होतो. नवेकोरे मड टेरेन, वेग चाळिसाच्या आत. वळणावर समोरून एसटी आली, त्यानं ब्रेक दाबला, स्टेअरिंग वळवलं आणि गाडी सरळच गेली. कठड्याला आरसा घासून थांबलो. पुढचे पाच मिनिटं कुणी बोललं नाही, वायपर तेवढे चालू होते.

शेतात अडकलो तर ट्रॅक्टर येतो. घाटात सुटलो तर ट्रॅक्टर काय करणार? बोला.

काळंरान

मालक, तुम्ही किलोमीटर मोजताय. वाळव्याला या, पाणंदीनं रानात जाऊ, मग मोजा.

आमची काळी माती म्हणजे तुमच्या खोऱ्यातला चिखल नव्हे. पाणी पिली की फुगते, चिकटते आणि सोडत नाही. ऑल टेरेन दोन फेरे फिरला की नक्षी बुजून गच्च. चाक कसलं, मातीचा लाडू! मग त्या बारीक चिरा खाली कुठं आहेत ते शोधत बसा. मड टेरेनच्या रुंद फटींतली माती चाक जोरात फिरलं की बाहेर फेकली जाते, टायर स्वतःला साफ करतो. त्याचा जन्मच त्यासाठी आहे. माझ्या कॅम्पर पिकअपला चार वर्षं तेच आहेत, इस्लामपूर-सांगली डांबरावरही तेच. पावसात सावकाश चालवतो. टायर काढून टाकण्यापेक्षा पाय हलका ठेवणं सोपं.

आणि ट्रॅक्टर येतो म्हणताय. परतीचा पाऊस आणि ऊसतोड एकदम आली की गावातले सगळे ट्रॅक्टर कारखान्याच्या रांगेत उभे असतात, दोन-दोन ट्रॉल्या लावून. फोन करा बघू तेव्हा.

जांभादगड

काळंरान, तुमचं वाळव्यापुरतं शंभर टक्के बरोबर आणि परळीसाठी शंभर टक्के चूक. चिखल चिखल एक नसतो राव.

आमच्या पश्चिमेकडं वर लाल माती, खाली मुरूम नाहीतर जांभा. चिखल चार बोटं, फार तर वीतभर. टायरनं तो कापून खालच्या कठीण थराला टेकायचं, बस्स. जुन्या विलीज जीपला ६.००-१६ चे टायर असायचे, आजच्या हिशेबानं काठीसारखे बारीक, आणि त्या जीपा कुठं पोचल्या नाहीत? काळ्या रानात हे चालत नाही, कारण गुडघाभर गेलात तरी खाली टेकायला काही नसतं. तिथं माती उधळत तरंगत जायचं. म्हणून तुम्हाला मड टेरेन लागतो.

उलट इकडं पावसाळ्यात खरा त्रास शेवाळलेल्या जांभ्याचा. त्याच्यावर मड टेरेनचा कडक ठोकळा बर्फावर ठेवल्यासारखा सरकतो. तिथं मऊ रबर आणि चिराच लागतात.

पंक्चर_पन्नास

तीस वर्षं टायर काढतोय-घालतोय. नक्षीवर भांडताय, बगलेकडं, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीकडं, कुणी बघत नाही.

नक्षीत खिळा घुसला तर मी दहा मिनिटांत स्ट्रिप मारून देतो. बगलेला जांभ्याची धार लागली, कट गेला, की नवा टायरसुद्धा भंगारात. त्याला इलाज नाही, आणि कुणी "करून देतो" म्हणाला तर त्याच्या दुकानातून निघा. घाटमाथ्याकडून येणारे निम्मे टायर बगलेतच गेलेले असतात. तेव्हा ऑल टेरेन घ्या की मड, बगलेत किती थर आहेत ते विचारा. तीन थरांची बगल असलेले ऑल टेरेनही मिळतात. वजन थोडं जास्त, पण मी माझ्या भाच्याला तेच दिले.

दुसरं, तारीख बघा. बगलेवर 'डीओटी' अशी अक्षरं असलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. 'ऑफर'मधला टायर तीन वर्षं गोदामात पडलेला निघतो.

आणि मड टेरेनवाले सहा महिन्यांनी येतात, "मामा, गाडी गुणगुणायला लागली, बेअरिंग गेलं का?" बेअरिंग कुठलं! आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढचे मागं, मागचे पुढं केले नाहीत की ठोकळ्याची एक कड झिजते आणि तोच आवाज देते.

निळीजिम्नी

सगळे म्हाताऱ्यासारखे बोलताय. मी जिम्नीचे १९५/८० आर १५ काढून २३५/७५ आर १५ मड टेरेन टाकले. गाडी उचलली गेली, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडं कुठंही घाला, थांबत नाही. हायवेला १०० वर पण मस्त. जगायचं तर असं!

जांभादगड

भावा, हिशेब करू. तुझा जुना टायर उंचीला ६९३ मिलिमीटर, नवा ७३३ च्या वर. जवळजवळ सहा टक्के मोठा. गाडी उचलली गेली म्हणतोस ती दोन सेंटिमीटर, कारण वाढीतली निम्मीच खाली येते. त्या दोन सेंटिमीटरसाठी काय दिलंस ते बघ. पहिला गिअर लांब झाला, म्हणजे चढाला गाडी आधीपेक्षा दमते. मीटर १०० दाखवतो तेव्हा आधीच्या मानानं तू १०६ नं पळतोयस. स्टेअरिंग पूर्ण फिरवल्यावर आत घासल्याचा आवाज येतो का, खरं सांग.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ च्या जानेवारीतला सुप्रीम कोर्टाचा निकाल वाच. कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल चालत नाहीत. धडक झाली की विमावाला सगळ्यात आधी टायरवरचा आकडा वाचतो.

निळीजिम्नी

घासतो थोडा. मडफ्लॅप कापलाय.

सडा_जपा

'कुठंही घाला' वाचून राहवलं नाही. पठार म्हणजे चालवायची जागा आहे का? जांभ्यावर माती असते बोटभर. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेलं ते त्या बोटभर मातीतल्या गेंद, सीतेची आसवं असल्या रानफुलांसाठी. चाळकेवाडीचा सडाही त्याच जातीचा, फक्त तिकडं पाहुणे कमी. रुंद ठोकळ्यांचा टायर तिथं एकदा फिरला की दगड उघडा पडतो आणि पुढच्या पावसात उरलेली माती वाहून जाते. तो चरा मी तीन-तीन वर्षं तसाच बघितलाय. शेतावर जायला, आजारी माणूस आणायला कुठलाही टायर घाला. व्हिडिओसाठी सड्यावर उतरू नका.

काळंरान

सड्याचं मान्य. निळीजिम्नी, ऐक जरा.

बाकी परळीवाल्यांना एक मधला मार्ग: पुढं ऑल टेरेन, मागं मड. चिखलात मागची चाकं ढकलतात. दोन टायरचे पैसेही वाचतात.

परळीखोरं

नको दादा, यात दोन अडचणी आहेत. एक, साइज कागदावर तीच असली तरी दोन नक्षींची प्रत्यक्ष उंची वेगळी निघते. थारसारख्या गाडीत फोर बाय फोर टाकला की पुढची-मागची चाकं एकाच वेगानं फिरायला बांधली जातात. पुढचा घेर लहान, मागचा मोठा, तर ती ओढाताण गिअरबॉक्सच्या शेजारच्या ट्रान्सफर केसवर येते. दुसरी अडचण जास्त वाईट: ओल्या वळणावर पुढचे धरतात आणि मागचे सुटतात. म्हणजे गाडीचं शेपूट समोरच्या उसाच्या ट्रॉलीत.

चार जादा रिम घेऊन जून ते सप्टेंबर मड, एरवी ऑल टेरेन, हेही एकानं सुचवलं होतं. पण जास्तीत जास्त ओलं डांबर नेमकं त्याच चार महिन्यांत असतं की!

माझं म्हणणं अजून तेच: ऑल टेरेन, मूळ साइज, आणि चिखलात उतरण्याआधी हवा काढायची. ३२ पीएसआयवरून १८-२० वर आणलं की टायर लांबीत पसरतो, जमिनीला धरतो. नक्षी बदलून जेवढं मिळतं त्यातलं बरंचसं फुकटात मिळतं.

काळंरान

फुकटात? परत ३२ करायला पंप नको? आणि हवा कमी ठेवून डांबरावर निघालात तर टायर तापतो. फार कमी केली आणि स्टेअरिंग जोरात वळवलं तर टायर रिममधून बाहेर. हे पण सांगा लोकांना.

परळीखोरं

बरोबर. बारा व्होल्टचा पंप गाडीत कायम, १५ च्या खाली जायचं नाही, आणि कमी हवेवर पंचवीस-तीसच्या वर पळवायचं नाही. हे माझं नेहमीचं.

दूधगाडी

राव, तुमचं वाचून करमणूक झाली. माझा फोर बाय टू पिकअप, जोर फक्त मागच्या दोन चाकांना. पुढं रिब म्हणजे सरळ रेघांचे, मागं लग म्हणजे आडव्या ठोकळ्यांचे टायर, त्यातला एक रिमोल्ड, जुन्यावर नवं रबर चढवलेला. पहाटे साडेचारला पाच वाड्यांचं दूध उचलतो, बारा महिने, आषाढात पण. अडकलो तर चाकाखाली पाचट नाहीतर भाताचा पेंढा टाकतो, किटल्या मागच्या ॲक्सलवर सरकवतो, वजन पडलं की गाडी निघते. ज्या ठिकाणी चाक जाणार नाही ते ठिकाण मला माहीत आहे, तिथं मी जातच नाही. वाडीवाले किटली घेऊन वर येतात. तुमचा टायर बदलण्याआधी वाट बदला.

पंक्चर_पन्नास

दूधगाडी, तो रिमोल्ड बदल. मागच्या महिन्यातच सांगितलंय.

परळीखोरं

*(जुलैत)* कळवायचं राहिलं होतं. जूनमध्ये पाच ऑल टेरेन घेतले, स्टेपनीसकट, मूळ साइज, तीन थरांची बगल, डीओटी दोन महिन्यांपूर्वीची. ओल्या हायवेला ब्रेक दाबून बघितला, गाडी रेघेत थांबते. आतून आवाज नाही म्हणावा इतका.

आता खरं सांगतो. गेल्या रविवारी त्याच दीडशे पावलांत अडकलो. ओढा ओलांडताना वाटलं, एवढंसं तर आहे, कशाला हवा काढायची. तिसऱ्या खाचराच्या बांधाशी मागचं चाक जागेवर फिरायला लागलं आणि मी, सगळं माहीत असून, अजून रेस दिली. ॲक्सल टेकला. मग पावसात उतरून चारही चाकांची हवा १८ वर आणली, फोर लो (चारही चाकांना जोर, वेग कमी), दुसरा गिअर, क्लच हळू सोडला. निघाली. एकूण पस्तीस मिनिटं.

काळंरान

पस्तीस मिनिटं! माझ्या टायरला पाच लागली असती आणि तीही सिगारेट पेटवण्यात.

परळीखोरं

असतील. पण परत येताना संध्याकाळी हायवेला धो-धो पाऊस होता, समोर ट्रकनं अचानक लेन बदलली. तिथं मला माझेच टायर हवे होते.

दूधगाडी

ती पस्तीस मिनिटं तुमच्या मागं वाट अडून उभा होतो तो मीच. हॉर्न ऐकू आला नाही का? चाळीस लिटर नासलं. पुढच्या रविवारी साडेचारच्या आधी या नाहीतर सातनंतर.