मदत हवी आहे: घाटातल्या उजव्या वळणावर हात आखडतात, निन्जा ६५०

भांडुपकर:

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, अर्धवट सांगून उपयोग नाही.

वय ३६, राहायला भांडुपला. अकरा वर्षं पल्सर १५० चालवली, रोज ऑफिसला, भर पावसातसुद्धा. तीन महिन्यांपूर्वी सेकंडहॅण्ड निन्जा ६५० घेतली, २०२१चं मॉडेल. पल्सरची ताकद १४ पीएस, हिची ६८, वजन १९६ किलो. इतक्या वर्षांचा हात बसलाय, महिनाभरात सवय होईल असं धरून चाललो होतो. शहरात झालीही. पण सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, एक्सप्रेसवे, सगळीकडे दुचाकीला बंदी. गाडी मोकळी चालवायची तर रविवारी पहाटे निघायचं, जुन्या हायवेने खोपोली आणि पुढे घाट. म्हणजे मला नवी असलेली गाडी मी थेट घाटातच शिकायला काढली.

गेल्या रविवारी खोपोलीहून घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाकडे चढताना एका उजव्या वळणात शिरलो. वेग ५०च्या आसपास. मध्यावर डाव्या कडेला बारीक खडी दिसली आणि डोळे तिथेच अडकले. मग खडीमागचा कठडा. त्यावरचे काळे-पांढरे पट्टे, एका ठिकाणी रंगाचा पोपडा उडालेला, वाळलेलं शेवाळ, सगळं आत्ताही डोळ्यांसमोर आहे. पुढचा ब्रेक करकचून धरला. गाडी एकदम उभी झाली आणि सरळ कठड्याकडे निघाली. पुढचं चाक डांबर सोडून खडीत गेलं आणि कठडा वीतभर राहिला असताना थांबली.

देवळापाशी थांबलो तर हेल्मेटचा पट्टा सुटेना, इतकी बोटं थरथरत होती. एरवी शिंग्रोबाला नाणं वाहून लगेच निघतो, त्या दिवशी अर्धा तास बसून राहिलो. घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. “नीट शिकून घे नाहीतर विकून टाक, मधलं काही नको,” एवढंच म्हणाली. मला ते पटलंय.

तर प्रश्न असा की डाव्या वळणाला काही होत नाही, उजवीकडे मात्र खांदे ताठ होतात. हे घालवायला नेमका कसला सराव करायचा आणि मुंबईत तो करायचा कुठे? वेगात कशी पळवायची ते मला नकोय. आणखी एक, जॅकेटमध्ये खांद्यांना आणि कोपरांना कडक पॅड आहेत, पाठीला नुसता फोम आहे. चालेल का?

घाटवेडा:

भांडुपकर, लिहिलंत हे फार बरं केलंत. अशा प्रसंगानंतर बहुतेक जण गप्प बसतात आणि पुढच्या रविवारी परत तेच करतात.

५०चा वेग गाडीला जड नव्हता, अजून बरीच झुकली असती ती. पण डोळे कठड्याला चिकटले आणि हात डोळ्यांमागे गेले. झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक आवळला की ती उभी राहते आणि वळणं सोडून सरळ जाते. एबीएसवर, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेवर, इथे भरवसा ठेवू नका. झुकावाचा हिशेब ठेवणारं एबीएस या गाडीत नाही, जे आहे त्याचा खरा उपयोग गाडी सरळ असताना.

महिनाभर घाट बंद. ओळखीतल्या कुणाची एमआयडीसीत कंपनी असेल तर सुट्टीच्या दिवशी परवानगी काढून त्यांचं आवार मिळवा. रिकामा दिसला म्हणून रस्त्यावर सराव नको, पहाटे झाडूवाले असतात, कुत्री असतात. दुसऱ्या गिअरमध्ये २५-३०ने मोठं उजवं वर्तुळ मारत राहा. नजर चाकापुढच्या जमिनीवर नको, वर्तुळाच्या पलीकडच्या टोकावर हवी. मान वळून हनुवटी पार खांद्यापर्यंत आली पाहिजे. उजवी मूठ हलकीशी पुढे रेटली की गाडी उजवीकडे झुकते. पल्सरवर हे तुम्ही नकळत करत होतात, हिच्यावर समजून उमजून करावं लागेल. कोपर ताठ असेल तर तो रेटा पोहोचतच नाही. उजवीकडे अनेकांना जास्त त्रास होतो तोही त्यामुळेच. थ्रॉटलचाच (रेस द्यायचा) हात वाकवायचा असतो आणि भीती वाटली की पहिला तोच आखडतो.

ब्रेकचा सराव वेगळा, सरळ रेषेत. आधी ३०ला, मग ४०, मग ५०. लिव्हर लिंबासारखी पिळायची. आधी नुसती धरायची, पुढचे शॉक दबले की जोर वाढवायचा. आणि लक्षात ठेवा, ६०च्या वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर जाते, ब्रेकला हात लागायच्या आतच.

फोम काढून टाका. सीई लेव्हल २चं (युरोपीय सुरक्षा मानकाची वरची पातळी) पाठीचं पॅड मिळतं, तुमच्या जॅकेटच्या खिशाचं माप घेऊन जा. पुढे जमलं तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचं प्रशिक्षण होतं, तिथे जा. खर्चिक आहे, पण वळणावर नजर कुठे हवी हे तिथे पक्कं बसतं.

पनवेलची_रायडर:

दादा, गाडी जुनी घेतलीत ना, मग टायरची तारीख बघितलीत का? टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आणि मागच्या टायरवरून तळहात आडवा फिरवा. मुंबईत हायवेवर सरळ चालून चालून टायर मधे सपाट होतो, मग गाडी झुकायला अडते आणि एकदम पडल्यासारखी वाटते. भीती निम्मी त्याचीही असेल. हवा गाडी थंड असताना तपासा, पंपापर्यंत तापवून नेऊन नाही.

भांडुपकर:

ताई, आत्ता खाली पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन बघून आलो. दोन्ही टायरवर ४७२०. म्हणजे २०२०चा सत्तेचाळिसावा आठवडा, गाडीबरोबरचेच टायर. मागचा मधे सपाट आहे, कडेची धार हाताला लागते. घेताना मी फक्त नक्षी किती उरलीय तेवढं पाहिलं होतं. उद्याच दोन्ही बदलायला टाकतो.

घाटवेडा, अंबरनाथ एमआयडीसीतल्या मित्राला फोन केला, रविवारी त्यांचं आवार सकाळी ७ ते ९ मिळतंय. नव्या टायरवर लगेच हा सराव केला तर चालेल का?

घाटवेडा:

पहिले १५०-२०० किलोमीटर सांभाळून. नवा टायर गुळगुळीत असतो, एकदम झुकवू नका, जोरात ब्रेकही नको. तोवर ऑफिसला याच गाडीने जा. रविवारी वर्तुळं मोठी ठेवा, ब्रेकचा सराव त्यापुढच्या रविवारी.

पनवेलची_रायडर:

एकटे जाऊ नका. मित्राला एका कडेला उभं करा आणि प्रत्येक फेरीला तुमचं तोंड कुठे वळलंय ते ओरडून सांगायला लावा. मी अशीच शिकले. येऊन इथे लिहा.