पेशवाईतल्या सिनेमात एवढं चामडं कुठून आलं?

मृगनक्षत्र:
परवा आईसोबत टीव्हीवर एक पेशवाईतला सिनेमा बघत होते, तर आई मध्येच म्हणाली, अगं ही नऊवारी नेसलेली नाहीये, शिवलेली आहे, चालताना निऱ्या हलतच नाहीयेत बघ. मग माझंही लक्ष कपड्यांकडेच जायला लागलं. सगळे सरदार काळ्या-तपकिरी चामड्यात, मनगटाला चामड्याचे पट्टे, आणि पूर्ण पुणं करड्या रंगाचं. खरंच असं होतं का? कुणाला माहीत असेल तर नीट सांगा, मला मनापासून जाणून घ्यायचंय.

कपडेपट_कोल्हापूर:
तुमच्या आईची नजर एकदम बरोबर आहे. मी बरीच वर्षं हौशी नाटकांचा कपडेपट सांभाळते. नाटकात शिवलेली नऊवारी मीही देते कारण दोन प्रवेशांच्या मध्ये चार मिनिटं मिळतात, पण सिनेमात तशी घाई नसते, तिथे नेसवायलाच हवी. नेसलेल्या लुगड्याचा कासोटा बाईच्या चालीबरोबर सैल-घट्ट होतो, ती बसली की वेगळा दिसतो, पदर सावरायला हात आपोआप जातो, म्हणजे अभिनयच बदलतो हो. आणि चोळी! जुनी चोळी पाठ पूर्ण झाकणारी, पुढे गाठ मारायची. सिनेमात बघा, पाठ उघडी, दोरी, खाली लटकन. मला हे फार खटकतं.

जुने_कागद:
चामडं अजिबात नव्हतं असं नाही, ढाली कातड्याच्या असायच्या, म्यानं, खोगिराचे पट्टे. पण अंगावर लोखंडी कड्यांचं चिलखत नाहीतर कापूस भरून शिवलेला जाड अंगरखा, आपल्या उकाड्यात चामड्याचं जाकीट घालून कोण घोडदौड करणार? आणि दरबार बघायचा असेल तर जेम्स वेल्सची चित्रं बघा. हा स्कॉटिश चित्रकार १७९० च्या दशकात पुण्यात होता, सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रं त्याने काढली. पांढरा झिरझिरीत मलमलीचा जामा, गळ्यात मोती, बास. तो पांढरा रंगच मला सगळ्यात श्रीमंत वाटतो, पडद्यावर मात्र क्वचित दिसतो.

रंगांचंही तेच. जुना काळ म्हणजे फिका हा गैरसमज आहे. नीळ, मंजिष्ठा, लाख, हळद, कुसुंबा, यातून झगझगीत रंग निघायचे, कुसुंबी गुलाबी तर डोळ्यात भरेल असा, फक्त उन्हाने आणि धुण्याने लवकर उडायचा. याउलट पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पहिला कृत्रिम जांभळा रंग केला १८५६ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडून ३८ वर्षं झाल्यावर.

सह्याद्री७:
मला थोडं वेगळं वाटतं. प्रेक्षकाला लांबून कोण कुणाकडचं हे कळायला हवं, म्हणून रंग वाटून दिले जातात, ते मी समजू शकतो. आणि चांगलं काम होतं तेही सांगायला हवं, बाजीराव मस्तानीत (२०१५) बाजीरावांच्या आईच्या, राधाबाईंच्या भूमिकेसाठी तन्वी आझमींनी खरंच डोकं भादरून घेतलं, त्या एका गोष्टीने त्या काळच्या विधवेचं जगणं समोर येतं. पण त्याच सिनेमातल्या पिंगा गाण्यात घरंदाज बायकांना नाचवलं तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं.

कपडेपट_कोल्हापूर:
सह्याद्री७, पटलं. पण कापड तरी खरं घ्या ना. आर्ट सिल्क, म्हणजे कृत्रिम रेशीम, घसरतं, कासोटा धरत नाही, मग पिना मारतात आणि मग ते शिवल्यासारखंच दिसतं. सुती किंवा अस्सल रेशीम अंगाला धरून राहतं.

मृगनक्षत्र:
खूप आभार सगळ्यांचे. वेल्सची चित्रं आईला दाखवली, ती बराच वेळ बघत बसली. आता मला तिच्याकडून नऊवारी नेसायला शिकायचीय. ताई, शिकायला साधी सुती इचलकरंजीची चालेल का?

कपडेपट_कोल्हापूर:
चालेल की, उत्तम. फक्त आधी दोनदा धुऊन घे, खळ गेल्याशिवाय निऱ्या बसत नाहीत.